चाळीसगाव पट्टीचं कारण

माझी फजिती मी स्वतःहून सांगत फिरत नाही. ते काम करायला आमच्याकडे बारा गावं मोकळी बसलेली आहेत. पण यावलला काय झालं याच्या इतक्या आवृत्त्या फिरायला लागल्या की वाटलं, मूळ प्रत आपणच काढून ठेवलेली बरी. एका आवृत्तीत तर मी म्हणे ट्रॅक्टरखाली लपले होते. लपले नव्हते. जागाच नव्हती.

तर चहा घ्या आणि ऐका.

जळगावच्या एमआयडीसीत माझ्या काकांचा, म्हणजे नानांचा कारखाना आहे. आम्ही मका सोलायचं मशीन बनवतो. ट्रॅक्टरला जोडायचं, वरून कणसं टाकायची, खालून दाणे पडतात आणि बाजूच्या तोंडातून भुसा उडतो. फाटकावर पाटी आहे. तिच्यावर नानांचं नाव आणि पुढे मोठ्या अक्षरात 'आणि पुतणे'. पुतणे दोन. एक पुण्यात बँकेत, दुसराही पुण्यातच, पण नेमकं काय करतो ते त्यालाही सांगता येत नाही. दोघांनी जन्मात हातात पाना धरलेला नाही. पुतणी एकच. मेकॅनिकलची पदवी, रोज सकाळी नऊच्या ठोक्याला कारखान्यात हजर. पण पाटीवर पुतणीला जागा नाही. का? तर पाटी जुनी आहे.

हे 'जुनं आहे' उत्तर आमच्याकडे सगळ्याला चालतं. छत का गळतं? जुनं आहे. मग बदला की. नको, जुनं आहे.

कारखान्यातलं सगळ्यात जुनं कोण, तर आबा मिस्तरी. पहिलं मशीन त्यांनीच ठोकलं. आमच्या मशीनच्या भागांना नंबर नव्हते, गावं होती. एखादा भाग जिथे दगा देईल, त्या गावाचं नाव त्याच्या जागी आलेल्या सुधारलेल्या भागाला. नरडाण्याला पिन तुटली, म्हणून जाड केलेली ती 'नरडाणा पिन'. धुळ्याच्या बाजारात शेतकऱ्याच्या हातात मूठ निघून आली, म्हणून नवी ती 'धुळे मूठ'. म्हणजे आमचं मशीन हा आमच्या अपमानांचा चालता-फिरता नकाशाच. आणि कुठली पिन कुठल्या मशीनला बसते हे फक्त आबांच्या डोक्यात. फोन आला की नाना केबिनमधून हाक मारणार, आबा डोळे मिटून दोन क्षण उभे राहणार आणि सांगणार. आबांना ताप आला की कारखान्याला सुट्टी.

तुम्हीच सांगा, डोकं फिरणार नाही?

मी नानांच्या मागे लागून सॉफ्टवेअर आणवलं. प्रॉडक्ट लाइफसायकल मॅनेजमेंट. समजावून सांगायला पुण्याहून नीलेश सर आले, माझ्यापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मोठे, इस्त्रीचा शर्ट, बोलताना हात हवेत. ते म्हणाले, मशीनची कल्पना सुचल्यापासून ते भंगारात जाईपर्यंत सगळी माहिती एका जागी. प्रत्येक ड्रॉइंगची शेवटची आवृत्ती कुठली, कुठला भाग कुठे कुठे बसतो, कोणाकडून घेतला, कोणी बदलला, कधी बदलला, का बदलला, सगळं. आणि एकही बदल तिघांच्या मंजुरीशिवाय पुढे सरकणार नाही.

नाना खूश झाले. "म्हणजे मशीनची पत्रिका."

आमची खरेदी बघणारे पारसभाऊ. त्यांनी लगेच विचारलं की मंगळ निघाला तर सॉफ्टवेअर शांती सुचवतं का. नीलेश सरांनी ही सूचना वहीत लिहून घेतली. आबांनी पडद्यावरच्या यादीला बोट लावून पाहिलं आणि बोटाचं ग्रीस यादीला लागलं. ते आजही आहे.

मग नानांनी शब्द दिला. यावलजवळच्या एका गावातली शेतकऱ्यांची कंपनी बारा मशीन घेणार होती. कंपनीच्या अध्यक्षा इंदूअक्का. आधी एक मशीन चालवून दाखवा, पसंत पडलं तर बाकीची अकरा, असं त्यांचं म्हणणं. नाना म्हणाले, "तेजू, ही ऑर्डर या तुझ्या पत्रिकेवर पार पाडून दाखव. पाटी बदलू."

पाटी बदलू. 'आणि पुतणी'. मी त्या दिवशी फाटकातून बाहेर पडताना अक्षराचा आकारसुद्धा मनात ठरवून टाकला.

दोन महिने खपून मी सगळे भाग सॉफ्टवेअरमध्ये चढवले. गावं काढली आणि दहा आकडी नंबर दिले. मंजुरीसाठी तिघं नेमले : नाना, पारसभाऊ आणि आबा. बदल सुचवला की तिघांच्या पडद्यावर जायचा, आणि तिघांनी एक बटण दाबायचं. फक्त बटण. पण नाना म्हणायचे, छापून दे, सही करतो. मग सही केलेला कागद टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवायचे आणि विसरायचे. पारसभाऊंना वाटायचं, बटण दाबलं की आपणच त्या भागाला जन्मभर जबाबदार. आणि आबा कंप्युटरच्या खोलीत चप्पल काढून यायचे, दाराशी उभे राहायचे आणि "चालू दे तुझं" म्हणून परत जायचे. पहिला साधा बदल तीन आठवडे लटकला.

मग मी एक उपाय केला. तिघांचे पासवर्ड मीच तयार केलेले होते. तिघांच्या नावाने मीच शिरायला लागले. नानांच्या नावाने मंजूर, पारसभाऊंच्या नावाने मंजूर, आबांच्या नावाने मंजूर. काम कसं झरझर व्हायला लागलं म्हणता! मला तर वाटायला लागलं, कारखान्यात पहिल्यांदाच एकमत झालंय.

आणि मग आली चाळीसगाव पट्टी.

भुसा जिथून उडतो त्या तोंडावर वरच्या बाजूला एक वाकवलेली पट्टी असायची, वीतभर रुंद, दोन बोल्टांवर बसवलेली. भुसा जोरात सुटायचा, पट्टीवर आपटायचा आणि मशीनच्या पायाशी ढीग व्हायचा. आता मला सांगा, पंख्याने एवढा जोर लावून भुसा फेकायचा आणि दारातच त्याला थप्पड मारायची, यात काय शहाणपण? मी हिशेब करून पाहिला. पट्टी काढली तर भुसा तीस फूट लांब जाणार होता. तीस! बाजारातल्या कुठल्याच मशीनचा एवढा जात नाही.

तरी मी आबांना विचारलं. विचारलं नाही असं कोणी म्हणू नये. ते पान्याने काहीतरी आवळत होते.

"आबा, ही पट्टी कशासाठी?"

"चाळीसगाव पट्टी शे ती."

"नाव नाही विचारलं. कारण विचारलं."

आबांनी वर पाहिलं नाही. "शे म्हनीसन शे."

आहे म्हणून आहे. चार वर्षं इंजिनीअरिंग शिकून यायचं आणि हे ऐकायचं. मी म्हटलं, कारण नसेल तर काढते. तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे ना, तुले काय करस ती?" म्हणजे पट्टी तुझं काय वाकडं करते. मी पाय आपटत वर गेले, बदल नंबर सतरा उघडला आणि पट्टी काढून टाकली. कारणाचा रकाना मीच सक्तीचा केलेला होता, त्यात लिहिलं, 'उगाच लावलेली आहे. कारण कोणालाच माहीत नाही.' आणि तीन मंजुऱ्या देऊन टाकल्या.

मशीन जोडताना आबा यादी घेऊन वर आले. यादीत पट्टी नाही म्हणाले. मी म्हटलं, यादीत नाही म्हणजे मशीनवर नाही. आबा म्हणाले, "बरं."

आमच्याकडे म्हातारं माणूस वाद न घालता 'बरं' म्हणालं की लहान मुलंसुद्धा घराबाहेर पळतात. मला मात्र वाटलं, जिंकले.

आता यावल. नाना, पारसभाऊ, आबा आणि मी, चौघंही गेलो होतो. चैत्राचं ऊन. इंदूअक्कांच्या घरासमोरच, रस्त्याच्या अलीकडे, कंपनीचं आवार. कापडी मांडव, शंभरेक माणसं, आणि मांडवात मोठा पडदा, कारण मशीन चालू असताना मी सॉफ्टवेअरही दाखवणार होते. समोरच्या गच्चीवर रंगीबेरंगी साड्या पसरलेल्या दिसत होत्या. मला वाटलं, स्वागतासाठी लावल्यात. खरंच वाटलं.

आबांनी आल्या आल्या गच्चीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, मशीनचं तोंड फिरवून घे. मी म्हटलं, फिरवलं तर लोकांना मशीन आणि पडदा एकत्र दिसणार नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, "आबा, कारण?"

आबा ट्रॅक्टरकडे वळले. मग मीही मशीन जागचं हलवलं नाही.

ट्रॅक्टर सुरू झाला, कणसं पडली, आणि भुसा सुटला. तीस फूट म्हटलं होतं ना मी? चूक. चाळीस गेला. आवाराच्या भिंतीवरून, रस्त्यावरून, असा सोनेरी कमानीसारखा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पडद्याकडे हात करून सांगत होते की आमच्याकडे प्रत्येक बदल विचारपूर्वक होतो. आणि टाळ्या एकदम थांबल्या.

गच्चीवर बायका उभ्या राहिल्या होत्या. डोक्यावर, खांद्यावर पिवळा भुसा. आणि पायाशी त्या साड्या. साड्यांवर बिबडे. इंदूअक्कांच्या बचत गटाने पहाटे चारपासून थापलेले, विक्रीचे, ओले बिबडे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, आणि ते वर्षातून एकदाच होतात. ओल्या बिबड्यावर भुसा पडला की तो त्याचा जन्मभराचा सोबती.

इंदूअक्कांनी हाताने ट्रॅक्टर बंद करायची खूण केली.

या वेळी शहाण्या माणसाने काय केलं असतं? माफी मागितली असती. मी काय केलं? मी आबांवर घसरले. शंभर माणसांसमोर. म्हटलं, भुशाचं तोंड यांनी वाकडं बसवलं असणार, ड्रॉइंग कोणी बघतच नाही. आणि इंदूअक्कांना म्हटलं, "अक्का, आमच्याकडे सगळ्याची नोंद असते. चूक कोणाची ते आत्ता दाखवते."

पडद्यावर ड्रॉइंग उघडलं. एक माणूस टेप घेऊन तोंडाचा कोन, लांबी मोजायला लागला. सगळं बरोबर. केसाइतकाही फरक नाही. आबांनी माझं ड्रॉइंग माझ्यापेक्षा जास्त पाळलं होतं. मशीनमध्ये काय बदललं हे सॉफ्टवेअरला विचारलं, तर ते आज्ञाधारकपणे एकच ओळ घेऊन आलं. बदल सतरा. पट्टी काढली. कारण : उगाच लावलेली आहे. सुचवणार : तेजश्री.

तिथे तरी थांबावं की नाही? पण मी हरणारी नाही. मी म्हटलं, सुचवलं मी, पण मंजुरी या तिघांची आहे. बघा, नावं आहेत. नाना, पारसभाऊ, आबा. एकानेही विरोध केला नाही.

नाना पारसभाऊंकडे पाहायला लागले, पारसभाऊ देवाकडे. आबा आपल्या चपलांकडे.

इंदूअक्कांनी चष्मा लावला आणि पडद्याजवळ गेल्या. बचत गटाच्या सह्या तपासून तपासून डोळा तयार झालेला. त्यांनी बोटाने वेळा वाचल्या. चार अकरा. चार बारा. चार तेरा.

"पोरी, तीन म्हातारे तीन मिनिटांत एका गोष्टीले राजी झाले?"

मी उगाच माउस शोधायला लागले.

"आमच्या कंपनीत चहा करायचा का सरबत, याले तासभर लागतो." मग बोट पुढच्या रकान्यावर सरकलं. हा रकाना मीच मागून घेतलेला, कुठल्या कंप्युटरवरून काम झालं ते कळावं म्हणून. तिथे तिन्ही ओळींत एकच नाव होतं. तेजश्री-१, तेजश्री-१, तेजश्री-१. अक्कांनी तिन्ही वेळा मोठ्याने वाचलं, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं.

सॉफ्टवेअर फार चांगलं आहे. त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही.

"चल वर," अक्का म्हणाल्या.

त्या दिवशी दुपारभर आम्ही चौघं गच्चीवर बसून बिबड्यांवरचा भुसा वेचत होतो. मी ओल्या बिबड्याला नख लावलं आणि तो फाटला. आबांनी माझा हात बाजूला केला. म्हणाले, ओल्याला हात लावायचा नाही, अर्धवट वाळू द्यायचा, मग कडेने उचलून उलट्या बाजूने टिचकी मारायची, भुसा आपोआप सुटतो. आणि त्यांनी धडाधड टिचक्या मारून दाखवल्या. बायका बघतच राहिल्या.

मी विचारलं, "आबा, हे तुम्हाला कसं येतं?"

आबांनी पुढचा बिबडा उचलला. पण नानांना हसू आवरेना. ते साडीच्या काठावर भुशातच बसले आणि पोट धरून हसायला लागले. मग हळूहळू बाहेर आलं. चाळीसगाव ही आबांची सासुरवाडी. लग्न नवं, मशीनही नवं. जावयाने मोठ्या तोऱ्यात सासऱ्याच्या अंगणात मशीन लावलं, आणि सासूबाईंच्या वर्षभराच्या बिबड्यांवर भुसा घातला. तीन दिवस जावईबापू टिचक्या मारत बसले होते. परत आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते पट्टी ठोकायचं. आणि कारण कोणाला सांगायचं नाही म्हणून नानांना शपथ घातली.

"मग मला सांगायला काय झालं होतं?" मी म्हटलं.

आबा बिबडा उलटा करत म्हणाले, "तुले सांगतू, तर तू कंप्युटरमा लिखी टाकती."

खरं सांगते, लिहिलं असतंच. कारणाचा रकाना सक्तीचा होता.

संध्याकाळी निघताना इंदूअक्कांनी निकाल दिला. मशीन चांगलं आहे, दाणा फुटत नाही, बाराच्या बारा घेऊ. पण पट्टी पाहिजे, आणि ती बोल्टावर नको, वेल्डिंग करून पक्की. "म्हणजे कोणी शिकलेलं माणूस आलं, तरी काढता येणार नाही." हे बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

ऑर्डर पार पडली. पाटीचा विषय मी काढला नाही, नानांनीही काढला नाही. पण नवी वेल्डिंगची पट्टी सॉफ्टवेअरमध्ये चढवायची होती. या वेळी मी टॅबलेट घेऊन एकेकाकडे गेले आणि ज्याच्या-त्याच्या बोटाने बटण दाबून घेतलं. आबांनी बटण दाबण्याआधी सगळी ओळ वाचायला लावली. नंबर ऐकला आणि म्हणाले, नाव कुठे आहे. मी म्हटलं, ठीक आहे, रिवाजाप्रमाणे 'यावल पट्टी' लिहिते.

"यावलनी काय चूक शे?" आबा म्हणाले.

नानांनी मान डोलावली. पारसभाऊंनी, जन्मात पहिल्यांदा, ताबडतोब मंजुरी दिली. तिघं म्हातारे एका मिनिटात एका गोष्टीला राजी झाले. खऱ्या बोटांनी.

तर आता आमच्या प्रत्येक मशीनवर माझं नाव आहे. फाटकावर नाही. भुशाच्या तोंडावर. 'तेजू पट्टी'. शिरपूरपासून रावेरपर्यंत शेतकरी त्याच नावाने मागतात.

परवा नीलेश सर आले होते, सॉफ्टवेअर नीट वापरतो का ते बघायला. दहा आकडी नंबरांच्या रांगेत त्यांना मध्येच ते नाव दिसलं. कारणाच्या रकान्यात मी 'ग्राहकाची मागणी' एवढंच लिहिलेलं आहे. त्यांनी हात हवेत नेले.

"मॅडम, हे नाव असं का? आणि कुठली मागणी? नेमकं कारण काय या पट्टीचं?"

आबा दाराशी चप्पल काढून उभे होते. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले.

मी कीबोर्डवरची धूळ पुसली. मग म्हटलं, "शे म्हनीसन शे. राहू द्या ना सर, तुमचं काय करते ती?"